निलगिरीची डबी

पन्नाशीच्या माणसाला परीक्षेला बसवू नये. बसवायचंच असेल तर आधी त्याला महिनाभर पोटभर झोपू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझं मत विचारतो कोण? सरकारनं नियम काढला, मालकानं तो मोबाइलवर मला पाठवला, खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. झालं, माझी परीक्षा ठरली.

मी धनंजय म्हेत्रे. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये सांडपाण्याचा प्लँट सांभाळतो. रंगाचं, सोड्याचं, ॲसिडचं पाणी एका बाजूनं येतं, टाक्याटाक्यांतून फिरतं, टाक्यांतल्या गाळातले जिवाणू त्यातली घाण खातात आणि दुसऱ्या बाजूनं बऱ्यापैकी नितळ पाणी बाहेर पडतं. बीएस्सी झाल्यापासून मी हेच करतोय. नवा नियम असा की, दिवाळीनंतर अशा प्लँटच्या अहवालावर 'पर्यावरण दक्षता' ही परीक्षा पास झालेल्या माणसाचीच सही चालणार. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यानं अशा सहीवाल्याच्या हाताखाली राबायचं.

आमचे मालक मगदूमशेठ माणूस वाईट नाही. केबिनमध्ये बोलावून चहा पाजून म्हणाले, "म्हेत्रे, तुम्ही पास झालात तर सोन्याहून पिवळं. नाहीतर मला पुण्याहून एखादं पोरगं आणावं लागणार. राग मानू नका."

राग कसला मानायचा? गेल्या खेपेला मी बसलो होतो आणि आपटलो होतो. आता दिवाळीआधीची ही शेवटची खेप होती.

नोकरी करून अभ्यास म्हणजे काय ते ज्यानं केलाय त्यालाच कळेल. ड्यूटीवरून यायचं, आंघोळ करायची, तरी अंगाचा वास जायचा नाही. मग चहा घेऊन पुस्तक उघडायचं. पाण्याचा कायदा, हवेचा कायदा, घातक कचऱ्याचे नियम. पान संपायच्या आत हनुवटी छातीला टेकायची. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा नवंकोरं. घातक कचऱ्याच्या प्रकरणाशी माझी इतक्या वेळा ओळख झाली आणि इतक्या वेळा तुटली, की शेवटी त्या प्रकरणालाच माझी कीव आली असेल.

म्हणून मग मी डबी घेतली. कंपनीनं तिला भलंमोठं इंग्रजी नाव ठेवलंय, पण स्पर्धा परीक्षांची पोरं तिला डबीच म्हणतात.

तिचं शास्त्र समजायला अवघड नाही. दिवसभर आपण जे बघतो, ऐकतो, वाचतो ते मेंदूच्या आत एका छोट्या भागात तात्पुरतं टिपलं जातं. पाटीवर लिहावं तसं. गाढ झोप लागली की मेंदूत संथ लाटा उठतात आणि त्या लाटांवर दिवसाचा तो मजकूर पुन्हा पुन्हा वाजतो. जेवढा वाजेल तेवढा मेंदूच्या वरच्या थरात जाऊन पक्का बसतो. जो वाजत नाही तो हळूहळू पुसला जातो आणि पाटी नव्या दिवसाला मोकळी होते. आता ह्यात वासाची गंमत आहे. वासाचा रस्ता आठवणीच्या त्या भागाला अगदी लागून जातो, आणि वासानं सहसा झोपही मोडत नाही. वाचताना एक वास घ्यायचा आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा द्यायचा, की मेंदू नेमकं ते वाचलेलं वाजवायला घेतो.

इथवर जुनंच संशोधन. डबीवाले त्याच्या पुढं गेले. कपाळाला एक पट्टी बांधायची, ती लाटा मोजते. लाट उठली की उशाशी ठेवलेली डबी वासाची एक फुंकर सोडते. दुसरंच काही वाजायला लागलं की पट्टीला ते कळतं, आणि डबी आणखी एक फुंकर मारून मेंदूला पुन्हा पुस्तकाकडे वळवते. सोबत त्याच वासाची एक कुपी मिळते, ती वाचताना उघडी ठेवायची. पथ्य एकच, तो वास अभ्यासाखेरीज दुसऱ्या कशाला लावायचा नाही.

दुकानात मी गुलाब हुंगला, केवडा हुंगला, चंदन हुंगलं. प्रोसेसमध्ये हयात गेलेल्या नाकाला काय कळणार त्यातलं? शेवटी निलगिरी तेवढी आत पोचली. सुवर्णा, माझी बायको, पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, झोपायच्या खोलीचा सर्दीपडशाचा दवाखाना केलाय नुसता."

पण लागू पडली हो. आठवड्याभरात घातक कचऱ्याचं अख्खं प्रकरण डोक्यात उभं राहिलं. गाळ किती दिवस साठवायचा, कुठल्या पिंपावर कुठली चिठ्ठी लावायची, सगळं घडाघडा. सकाळी दात घासता घासता मी कलमं म्हणायचो. सराव परीक्षांत पहिल्यांदा पासाच्या वर गेलो. इतक्या वर्षांनी आपण हुशार आहोत असं वाटायला लागलं, आणि ते फार गोड वाटतं, खोटं कशाला बोलू?

बारीकसारीक गोष्टी निसटायला लागल्या होत्या. सुवर्णा म्हणायची, काल दूध आणायला सांगितलं होतं. शेजारी म्हणायचे, परवा बारशाला येतो म्हणालात. मी म्हणायचो, वय झालं. कामावर तर कुणाला काही कळलंच नाही, मलाही नाही. प्लँटवर नवीन घडतंय काय? तेच पाणी, तीच टाकी, तीच मोटर बंद पडायची. माझा कालचा अख्खा दिवस कुणी उचलून नेला असता तरी आजचं काम बिनघोर झालं असतं.

आता इथून पुढचं थोडं माझ्या आठवणीतलं आहे आणि पुष्कळसं सुवर्णानं नंतर सांगितलेलं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आमची प्रांजल ओट्याशी कोथिंबीर निवडत उभी. एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी मिरजेत दिली, जावई निनाद बँकेत. मला बरं वाटलं.

"अगं, तू कधी आलीस? फोन तरी करायचास. निनादराव आलेत की एकटीच?"

प्रांजलनं आईकडे पाहिलं, कोथिंबीर तशीच ठेवली आणि आत निघून गेली. सुवर्णा माझ्या अंगावरच आली.

"चेष्टा सुचते कशी हो तुम्हाला? काल तुमच्यासमोर बसून पोरीनं सगळं सांगितलं की."

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण बायकोचा चेहरा असा झालेला असताना "कुठलं सगळं?" असं विचारायची हिंमत होत नाही. मी म्हणालो, "हां हां, होय की. झोपेत होतो." आणि डबा घेऊन सटकलो. नवराबायकोचं काहीतरी किरकोळ वाजलं असेल, असा अंदाज बांधला.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रांजलनं मला पुन्हा सगळं सांगितलं म्हणे. मी पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो, दिवसभर मोटर दुरुस्त करून जीव मेटाकुटीला आला होता. मी ऐकलं आणि म्हणालो, "होतं गं संसारात. जरा सांभाळून घे." मग डबी लावून झोपलो. सकाळी तेही पुसलेलं.

रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट थोडी थोडी मुरते. लेक घरी आहे, हे दोनचार दिवसांत माझ्या डोक्यात शिरलं. का आहे, ते शिरलं नाही. त्या दोघींनी मला पुन्हा काही सांगितलं नाही. माझी परीक्षा तोंडावर आहे, एकदाची होऊ दे, मग बघू, असं सुवर्णानं ठरवलं होतं. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. मी म्हणालो, बरंच आहे, अभ्यासाला शांतता मिळतेय.

आणि त्यात तो अधिक महिना होता. धोंड्याचा. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे तर मोठा मान. हे मला बरोबर आठवत होतं, कारण जुनं सगळं शाबूत होतं. लेक माहेरपणाला म्हणून आलीय आणि जावयाला अजून कुणी आमंत्रण दिलेलं नाही, असं माझ्या मनानं घेतलं. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सुट्टी होती. सकाळी आंघोळ करून मी निनादला फोन लावला. आपण घरातलं एक काम न सांगता करतोय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

"निनादराव, पहिला धोंडा आहे. येत्या शनिवारी जेवायला यायचं. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा आहे, पण शनिवारी मी रजेवर आहे."

शनिवारच ना, असं त्यानं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतः बोलावताय म्हणजे प्रश्नच मिटला. येतो. आणि येताना प्रांजलला घेऊनच जातो."

"न्या की. तुमचीच आहे," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो तर सुवर्णा दारात उभी. हातातली कपड्यांची बादली तिनं खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली.

"कुणाला बोलावलंत?"

"जावयांना. धोंड्याला."

"काय केलंत हो हे," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

प्रांजल आतून आली. रडत नव्हती. नुसती दमलेली दिसत होती, माझ्यासारखीच. "आई, तू थांब. पप्पा, मला एकच सांगा. तुम्हाला खरंच आठवत नाही, की आठवायचं नाही?"

"खरंच आठवत नाही गं," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी आले त्या दिवशी तुम्ही काय केलंत तेही नाही आठवत?"

"तेही नाही," मी म्हणालो.

"मी सगळं सांगितलं. तुम्ही उठलात, माझी बॅग उचललीत आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलीत. म्हणालात, आता ही बॅग ह्या घरातून बाहेर जाणार नाही. मी त्या दिवशी झोपले पप्पा. किती महिन्यांनी नीट झोपले. आणि सकाळी तुम्ही विचारताय, निनादराव आलेत का. बरं म्हटलं, झोपेत असतील. संध्याकाळी पुन्हा सांगितलं, तर म्हणालात सांभाळून घे. माझे पप्पा ह्यातले कुठले, ते मला कळेना."

मला रडू आलं. ते बॅगेचं ऐकून जास्त आलं. अशी बॅग उचलून आत ठेवणारा माणूस व्हायला मला आयुष्यभर आवडलं असतं. तो मी झालोही होतो एका संध्याकाळी, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. सांभाळून घे म्हणणाराही मीच. दोघांत फरक काय, तर दुसऱ्या दिवशी मी जास्त दमलेलो होतो आणि पुढ्यात पुस्तक उघडं होतं.

डबीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडं एक पोरगी होती, गोड बोलणारी. मी सगळं सांगितलं. तिनं माझं वय विचारलं, झोप किती होते ते विचारलं, डबी कितीवर ठेवलीय ते विचारलं.

"पूर्णवर," मी म्हणालो.

"काका, पूर्ण हे तरुण मुलांसाठी असतं. वय वाढलं की गाढ झोप कमी होत जाते. विशीच्या मुलाकडे ती भरपूर असते, अभ्यास वाजून घरचंदारचंही वाजतं. तुमच्याकडे मुळात थोडी, त्यात नोकरीमुळं तुम्ही झोपताच कमी. जी काय आहे ती सगळी परीक्षेला जातेय."

"मग आज बंद करतो."

"एकदम बंद केलीत तर आठवडाभर झोप कच्ची लागेल. त्यात काहीच धड बसणार नाही, घरचंही नाही आणि झालेला अभ्यासही निसटेल. पुढच्या रविवारी परीक्षा आहे ना? तोवर चालू ठेवा, मग हळूहळू कमी करू."

"आणि मला ह्या आठवड्यात घरातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर?"

"वास लावून ऐकावी लागेल. पण तसं करू नका, काका. जिवाला लागणारी गोष्ट त्या वासाला चिकटली की मेंदू आधी तीच घेतो. पुस्तक मागं पडतं. परीक्षेत कुपी उघडलीत तर तीच वर येईल."

"नंतर काढता येते का ती?"

"बसवायची सोय आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "काढायची अजून नाही."

निनादला फोन करून मी आमंत्रण मागं घेतलं. तो हसला. "मामा, धोंड्याचं बोलावणं कुणी परत घेतं का? घरी सांगून झालंय. शनिवारी येणार मी, आणि तिला नेणार." मग त्यानं फोन उचलणंच सोडलं.

सुवर्णा म्हणाली, "मी रोज सकाळी सांगीन की तुम्हाला. चहाच्या आधी सांगीन. डबी चालू ठेवा. वर्षभर रक्त आटवलंय तुम्ही."

बिचारी. तिला नोकरीही हवी होती आणि पोरगीही, आणि त्यात चूक काय? पण बायकोनं सकाळी सांगितलेलं ऐकून शनिवारी दार उघडायला ह्या दोघांतला कुठला धनंजय म्हेत्रे जाईल, ह्याची मला खात्री नव्हती. समोर गोड बोलणारा जावई, हातात पेढ्यांचा बॉक्स, मी दमलेला, उद्या पेपर. मी पुन्हा म्हणालो असतो, होतं संसारात. माझाच मला भरवसा उरला नव्हता. आणि जे काय ठरवायचं ते त्याच संध्याकाळी ठरवायला हवं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला हा प्रश्नच आठवणार नव्हता.

मी पुस्तक कपाटात ठेवलं. कुपी जेवणाच्या टेबलावर ठेवून तिचं झाकण काढलं आणि प्रांजलला हाक मारली.

तिनं कुपी पाहिली. कंपनीच्या पोरीशी मी बोललो ते तिनं ऐकलंच होतं. "पप्पा, तुमची परीक्षा जाईल."

"जाऊ दे. सांग."

"पुन्हा?"

"शेवटचं."

"मी थकलेय हो सांगून सांगून."

"मीपण थकलोय बाळा. बस."

ती बसली. सुवर्णा तिच्या पाठीशी उभी राहिली. ह्या वेळी मी मधे एक अक्षर बोललो नाही, डोळे मिटले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. निलगिरी नाकातोंडात झोंबत होती. शर्टाला इस्त्री राहिली, एवढ्यावरनं सुरू झालं. निनादच्या हातात लाकडी हँगर होता. झाल्यावर त्यानं त्याच हँगरला तो शर्ट अडकवला, कपाटात नीट लावला, दुसरा घातला आणि बँकेत गेला. जाताना म्हणाला, संध्याकाळी आमटी जरा पातळ कर. आणि ही पहिली वेळ नव्हती. आधीच्याही तिनं सांगितल्या, एकामागून एक, आणि मी सगळ्या घेतल्या.

सोमवारी सकाळी जाग आली तेव्हा डोळे उघडायच्या आधीच ते समोर होतं. तिचा आवाज, ती कुठं थांबली, कुठं तिनं टेबलावरची पाण्याचे थेंब बोटानं पुसले, सगळं. आठवडाभर डबी रात्री हेच वाजवत राहिली. गाळाच्या टाकीवर उभा असताना तेच, जेवताना तेच. सराव परीक्षा दिली तर मार्क निम्म्यावर आले. पुस्तक उघडलं की घातक कचऱ्याच्या जागी हँगर दिसायचा. मी पुस्तक मिटून टाकलं.

शनिवारी निनाद आला. इस्त्रीचा कुडता, हातात पेढे, वाकून नमस्कार केला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. दारी आलेल्या माणसाला पाणी दिलं पाहिजे, एवढं माझ्या आईनं शिकवलंय.

"प्रांजल तयार आहे ना मामा?"

"ती येणार नाही."

"असं कसं? तुम्हीच म्हणालात, न्या की, तुमचीच आहे."

"म्हणालो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता आहे."

तो समजूतदार हसला. "काय ठाऊक आहे मामा? तिनं सांगितलेलं. भांड्याला भांडं लागतंच. तिला वाढवून बोलायची सवय आहे."

मग मी सांगायला सुरुवात केली. रागावून नाही. अगदी पहिल्यापासून, जसं वाजलं होतं तसं, ओळीनं. कुठला वार होता, ताटात काय होतं, तो काय म्हणाला, ती काय म्हणाली. आधी तो मान हलवत होता, मग हसू गेलं, मग त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मी थांबलो नाही. हँगरवर आलो तेव्हा तो दाराकडे पाहायला लागला. आमटीवर आलो तेव्हा उठला.

"हे तिच्या तोंडून ऐकू द्या मला," तो म्हणाला. आवाज चढला होता.

प्रांजल आतल्या दारात येऊन उभी राहिली. "मी तीनदा सांगितलंय," ती म्हणाली. "आता पप्पा सांगतील. जिथं विचारशील तिथं सांगतील."

मी उठून दार उघडून धरलं. "निनादराव, वाण मिळणार नाही आणि पोरगीही मिळणार नाही. या आता."

तो गेला. पेढ्यांचा बॉक्स टेबलावरच राहिला होता. सुवर्णा तो उचलून खाली पळाली आणि त्याच्या गाडीच्या टपावर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पेपर. हल्ली परीक्षेला कुपी नेऊ देतात. हॉलमध्ये शिरलो तर अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं, कुणाचा मोगरा, कुणाची दालचिनी, कुणाचं चक्क लोणचं. पोरं एकेक प्रश्न वाचून हुंगत होती आणि खाली मान घालून लिहीत होती. मीही माझी कुपी उघडली. उगाच आशा. पहिला प्रश्न घातक कचऱ्याचाच होता. आणि प्रांजल बोलायला लागली. मी झाकण लावलं, कुपी खिशात टाकली आणि आपल्याआपण जे येत होतं ते लिहिलं. पर्यवेक्षक बाई येऊन विचारून गेल्या, काका, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, बरंय.

नापास झालो. दिवाळीनंतर मगदूमशेठनी पुण्याहून पोरगं आणलं. चांगलं आहे, मला सर म्हणतं. मी पाणी तपासतो, आकडे काढतो, त्याच्या टेबलावर ठेवतो आणि सहीची वाट बघत उभा राहतो. ह्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही मी, वाटतं. पगारही आता तिथंच थांबलाय. सुवर्णानं ह्यावरून मला एका शब्दानं डिवचलं नाही. एकदाच म्हणाली, "पुढल्या वर्षी बसा की पुन्हा." मी म्हणालो, बघू. डबी मी हळूहळू कमी करत बंद केली. आता दूध आणायचं लक्षात राहतं.

प्रांजल साड्यांची डिझाइनं काढायच्या कामावर लागली. कोर्टात तारखा चालू आहेत. पहिले काही महिने ती दार वाजलं की दचकायची, मग दचकणं कमी झालं. बिनडबीची झोप आपलं काम करते. रोज रात्री थोडं थोडं पुसून नेते. तिच्या वयाला गाढ झोपेला तोटा नाही.

माझं मात्र काही पुसलं गेलं नाही. जे बसलं ते बसलं.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं वाटाणे सोलत बसलो होतो. प्रांजल ऑफिसातलं काहीतरी सांगत होती, कुणीतरी शर्टाला चहा सांडून घेतला त्याबद्दल. सांगता सांगता मधेच थांबली.

"गंमत बघ आई. त्या दिवशीचा तो शर्ट कुठल्या रंगाचा होता, मला आठवतच नाहीये. निळा का हिरवा? इतक्या वेळा सांगितला मी तुम्हाला."

"मला गं काय ठाऊक," सुवर्णा म्हणाली.

"पप्पा, तुम्हाला आठवतो?"

"मला विचारतेस? माझं डोकं त्या डबीनं कधीच धुऊन नेलंय."

ती हसली. मोकळी हसली. "बरं झालं," म्हणाली, "कुणालाच नाही आठवत," आणि पुन्हा ऑफिसातलं सांगायला लागली.

मोरपंखी होता. कॉलरच्या आत लाँड्रीचा लाल दोरा होता. मी पुढची शेंग हातात घेतली आणि तिला म्हणालो, "मग? चहा सांडल्यावर काय झालं?"